सदतीस नंबरची मुलाखत

नाहीकाकांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या जिन्याजवळ त्यांची जागा होती. दारावर लांबलचक सरकारी नाव होतं, पण सगळे त्याला कोठार म्हणत. संशोधकांनी गावोगाव हिंडून जमवलेली माहिती तिथे ठेवलेली असे. कोणाचा आजार, कोणाची तुरुंगातली वर्षं, कोणाच्या नवऱ्याने काय केलं, कोणी पोटचं मूल दुसऱ्याला का दिलं, असलं सगळं, लोकांनी विश्वासाने सांगितलेलं. ते कोणी बघायचं, किती बघायचं आणि खोलीबाहेर काय न्यायचं याचे नियम होते, आणि ते पाळून घेणं हे काकांचं काम. चोवीस वर्षं ते हे करत होते, आणि चोवीस वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द ‘नाही’ हाच होता.

“काका, एवढा एक तक्ता फक्त घरी नेतो.”

“नाही.”

“अहो, त्यात कोणाचं नाव तरी आहे का?”

“गाव आहे, वय आहे, धंदा आहे. पन्नाशीच्या पुढचे, पायाने अधू असलेले शिंपी त्या गावात किती? तुम्हीच लिहिलंय, दोन. त्या दोघांच्या शेजाऱ्यांना वाचता येतं म्हटलं.”

पाचापेक्षा कमी माणसं ज्या रकान्यात असतील तो रकाना कोरा करायचा, असा नियम होता. काका तो डोळ्यांत तेल घालून पाळत. आत येताना फोन बाहेरच्या लाकडी खणात ठेवायचा, वही न्यायची नाही, जाताना टिपणं दाखवायची. मोठमोठे प्राध्यापक चिडायचे, वर तक्रारी करायचे, काका ढिम्म. मला विचाराल तर असा माणूस कचेरीत असला की लोक वैतागतात आणि नसला की कपाळाला हात लावतात. पण वैतागणारे रोज भेटतात आणि कपाळाला हात लावायची वेळ क्वचित येते, त्यामुळे काकांशी हसून बोलणारं माणूस त्या मजल्यावर शोधून सापडलं नसतं.

घरीही काही वेगळं नव्हतं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खुर्ची, जेवायला स्टीलचं एक ताट आणि पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेलं दुसरं, ज्याचा कागदही निघाला नव्हता. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न दोनदा ठरत आलं आणि दोन्हीदा मोडलं. घरात आणखी कोण, असं विचारलं की काका खरं सांगायचे: एक मोठा भाऊ आहे, कुठे आहे ते माहीत नाही. एवढं ऐकलं की समोरच्यांचे चेहरे उतरायचे. खोटं बोलले असते तर संसार झाला असता, पण ते त्यांना जमलं नाही. संध्याकाळी परतल्यावर ते रेडिओ लावत, तो काही ऐकायला नव्हे, घरात आवाज असावा म्हणून.

त्या वर्षी कोठारात एक नवा संग्रह आला. मनोरुग्णालयात वर्ष-दीड वर्ष काढून बाहेर पडलेल्या आणि पुन्हा घरी न गेलेल्या माणसांच्या एकसष्ट मुलाखती. एका संशोधक बाईंनी सहा वर्षं पायपीट करून त्या घेतल्या होत्या. मुलाखतींना फक्त नंबर होते. कुठला नंबर म्हणजे कोण, त्याचा पत्ता काय, ही यादी कागदावर होती आणि तो कागद निळ्या फाइलमध्ये, लोखंडी कपाटात. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली काकांकडे, दुसरी मॅडमकडे. मॅडम म्हणजे कोठाराच्या प्रमुख, काकांपेक्षा वयाने लहान, बोलायला कडक पण मनात काही न ठेवणाऱ्या.

संग्रह वाचायला खुला करण्याआधी त्यातल्या ओळखी पुसाव्या लागत. काका टंकलेली मुलाखत समोर घेत, कानाला हेडफोन लावून आवाजाशी ताडून बघत, आणि जिथे माणसाचं नाव येईल तिथे ते खोडून चौकटी कंसात ‘मित्र’ किंवा ‘शेजारीण’, गावाच्या जागी ‘गाव’, दुकानाच्या जागी ‘दुकान’ असं लिहीत. इतकी वर्षं हे केल्यावर हाताला वळण पडतं. डोळा नाव टिपतो, बोट ते पुसतं, डोक्याला पत्ताही लागत नाही. त्यातून मुलाखती लांबच लांब, म्हणून आवाज अधूनमधून ऐकायचा आणि बाकी नजरेखालून घालायचं, अशी त्यांची रीत होती.

सदतीस नंबर त्यांनी मंगळवारी सकाळी उघडला. अकराव्या पानावर एक वाक्य होतं: ‘बारक्या आला होता एकदा, फाटकापाशी उभा राहिला तासभर, हातात पिशवी, पण आत काही आला नाही.’ काकांनी ‘बारक्या’ पुसलं, तिथे ‘धाकटा भाऊ’ लिहिलं आणि खाली सरकले. पुढे आणखी चार ठिकाणी बारक्या होता. चारही ठिकाणी तो पुसला. मग चहाची वेळ झाली म्हणून उठले.

कप हातात घेऊन खिडकीशी उभे असताना त्यांच्या लक्षात आलं की आपण आत्ता स्वतःलाच पुसून आलो.

बारक्या काय, घरोघर असतो. असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पण फाटक, पिशवी, तासभर उभं राहणं, हे घरोघर नसतं. चहा तसाच ठेवून ते खोलीत परतले. ओळखीचं माणूस सापडलं तर त्या क्षणी मुलाखत बंद करायची, चिठ्ठी भरायची आणि ती मॅडमकडे द्यायची, हा नियम त्यांनीच नव्या लोकांना शिकवलेला. एका पोरीला मामेबहीण सापडली होती तेव्हा तिला त्यांनी पुढची अर्धी ओळही वाचू दिली नव्हती. आज त्यांनी दार लोटलं, हेडफोन कानाला लावले आणि मुलाखत पहिल्यापासून सुरू केली.

“म्हणजे कसंय,” आवाज म्हणाला, आणि नाकातून हसला.

दादाच होता. पस्तीस वर्षांनी आवाज जाडा झाला होता, थकला होता, पण प्रत्येक वाक्याआधी ‘म्हणजे कसंय’ म्हणणारा आणि दुःखाची गोष्ट सांगताना नाकातून हसणारा दुसरा माणूस काकांना ठाऊक नव्हता. जिवंत आहे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात कितीतरी वेळ फिरत राहिलं.

दादा चोविसाव्या वर्षी झोपेनासा झाला, मग बोलेनासा, मग एका दुपारी त्याने घरातली भांडी एकेक करून अंगणात फेकली. वडिलांनी त्याला रुग्णालयात नेलं, सही केली आणि घरी येऊन सांगितलं की या विषयावर आता कोणी तोंड उघडायचं नाही. आईने मूग गिळले. काका तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. चार महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी ते घरी न सांगता निघाले, पिशवीत दादाचा स्वेटर घेऊन. फाटकावरच्या म्हाताऱ्याने जाडजूड वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, भेटणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही. यादीत फक्त वडिलांचं नाव होतं, आणि वडील कधी जात नव्हते. स्वेटर तरी द्या, काका म्हणाले. वस्तू घेता येत नाही, तो म्हणाला. दुसरा कोणी भांडला असता, रडला असता, भिंतीवरून चढला असता. काका हो म्हणाले आणि फाटकासमोर उभे राहिले. तासाभराने परत आले.

दादाने ते वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. मुलाखतीत तो सांगत होता, “लाज वाटली असेल त्याला. शेवटी वडिलांचा मुलगा. म्हणजे कसंय, बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही, पण बारक्या फाटकातून परत गेला ना, तेव्हाच मी ठरवलं. सुटलो की त्या घराचं तोंड बघायचं नाही.”

तो सुटला आणि खरंच घरी आला नाही. पुढचं आयुष्य त्याने चाळीस मिनिटांत सांगितलं होतं. शिलाई मशिनं दुरुस्त करायला शिकला. दोनदा ओळखीचं कोणीतरी दुकानात आलं, दोन्हीदा त्याने आठवड्याच्या आत गाव सोडलं. आता एका दुकानाच्या माळ्यावर राहतो. “संध्याकाळी शटर ओढलं की बोलायला कोणी नसतं, तेवढंच. पण ठीक चाललंय. परत कोणी आलं शोधत, तर तिसऱ्यांदा गाव बदलीन. वय झालंय, पण बदलीन.” शेवटी संशोधक बाईंनी विचारलं होतं, घरचं कोणी भेटावं असं वाटतं का? टंकलेल्या कागदावर तिथे ‘विराम’ एवढंच होतं आणि त्याच्यापुढे ‘नाही’. काकांनी तो विराम मोजला. अकरा सेकंद. मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. मग दादा म्हणाला, “नाही. आणि बाई, तेवढं लिहून घ्या, माझ्या घरच्यांपर्यंत हे जाता कामा नये.”

काकांनी मुलाखत पुन्हा ऐकली. मग संगणक बंद केला आणि चिठ्ठी न भरता घरी गेले.

कोरी चिठ्ठी तेरा दिवस त्यांच्या खिशात होती. त्या तेरा दिवसांत त्यांनी रोजची कामं केली, तिघांना नाही म्हटलं, एकाचा अर्ज तारीख चुकली म्हणून परत पाठवला, कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण घरी आले की त्यांना बसवेना. दादाला भेटावं, त्याच्या माळ्यावर जाऊन त्याच्यासमोर जेवावं, असं काही त्यांनी मनात आणलंच नाही, एवढी हाव त्यांना नव्हती. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती: मला आत सोडलं नाही रे. मी येत होतो. चार-पाच शब्दांचं काम. त्यासाठी फक्त पत्ता हवा होता, आणि पत्ता त्यांच्या टेबलापासून बारा पावलांवर कपाटात होता. तो अकरा सेकंदांचा विराम त्यांनी मनात इतक्यांदा ऐकला की त्यातून कधी हो ऐकू यायचं, कधी नाही. आपण इतकी वर्षं लोकांच्या नाहीची राखण केली, आणि आज आपल्याच भावाचं नाही आपल्याला पचत नाही, याची त्यांना शरम वाटायची. शरम वाटूनही पत्ता हवाच होता.

महिन्याचा पहिला सोमवार आला. त्या दिवशी मॅडम आणि काका मिळून कपाट उघडत आणि बदललेले पत्ते यादीत भरत. दोघांनी आपापल्या किल्ल्या फिरवल्या. मॅडमनी निळी फाइल काढून टेबलावर ठेवली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला.

“आलेच,” म्हणून त्या गेल्या.

फाइलपाशी कोणी एकट्याने थांबायचं नाही, हा नियम होता. पण समोर काका होते, आणि काकांपाशी नियम आठवायची गरज मॅडमना कधी पडली नव्हती. यादी दोनच पानांची. सदतीस नंबर दुसऱ्या पानावर, वरून सातवा. ती ओळ काकांनी स्वतः भरलेल्यांपैकी नव्हती, नाहीतर हे सगळं आधीच झालं असतं. बाहेरून मॅडमचा आवाज येत होता, त्या कोणाला तरी सुट्टीबद्दल समजावत होत्या. काकांनी फाइलवर हात ठेवला. पुठ्ठा उघडायला एक बोट पुरलं असतं. तळव्याला घाम आला आणि पुठ्ठ्यावर त्याचा डाग उमटला. मग त्यांनी फाइल उचलली, कपाटात ठेवली, दोन्ही कुलपं लावली आणि मॅडमची कुलपातच राहिलेली किल्ली हातात धरून दारात जाऊन उभे राहिले.

“अहो, काम राहिलंय ना?” मॅडम परत येऊन म्हणाल्या.

“मॅडम, तुम्ही मला एकट्याला सोडून जायला नको होतं.”

“तुम्हाला? तुम्हाला नाही तर कोणाला सोडणार?”

“मलाच नको होतं,” काका म्हणाले, खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी उभ्याउभ्याच भरली आणि मॅडमना दिली.

चिठ्ठीत एक प्रश्न होता: ओळख पटल्यानंतर किती वाचलं किंवा ऐकलं? काकांनी लिहिलं होतं: सगळं. दोनदा. मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला आणि खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवलं. काकांनी सगळं सांगितलं, स्वेटरसकट.

मॅडमनी चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाल्या, “नियमाप्रमाणे सदतीस नंबरला कळवावं लागेल. संशोधक बाई कळवतील, की इथल्या एका कर्मचाऱ्याने तुम्हाला ओळखलंय. पाहिजे तर मुलाखत काढून घेण्याचा हक्क आहे त्यांना.”

“हो.”

“त्याच पत्रात विचारू का, की ओळखणाऱ्याला तुम्हाला भेटायचंय म्हणून? नुसतं विचारायला काय हरकत आहे?”

“नुसतं विचारलं तरी त्याला कळेल की घरचं कोणीतरी आहे. परक्या माणसाला कशाला भेटायचं असेल? तिसऱ्यांदा गाव बदलेल तो. एकोणसाठ वर्षांचा आहे, मॅडम. मशिनांची हत्यारं घेऊन कुठे जाईल?”

“आणि तो विराम? तुम्ही म्हणालात ना, अकरा सेकंद.”

“विरामाला संमती धरत नाहीत,” काका म्हणाले.

काकांना त्या संग्रहातून काढून टाकलं. सेवापुस्तकात ताकीद लागली, चोवीस वर्षांतली पहिली. सदतीस नंबर एका तरुण सहकाऱ्याकडे गेला आणि काकांच्या संगणकावर ती मुलाखत उघडेनाशी झाली. त्यांनी एकदा उघडून बघितली, नेहमीची सूचना आली: आपणास परवानगी नाही. मग पुन्हा बघितलं नाही.

पत्र गेलं, त्यानंतरचे दिवस काकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्यामुळे तो आता सामान बांधत असेल, माळा रिकामा करत असेल, स्टँडवर बसला असेल, असं त्यांच्या जेवताना मनात यायचं आणि घास तोंडातच फिरायचा. चूक आपली, शिक्षा त्याला, हे त्यांना सहन होत नव्हतं. मॅडम जाता-येता विचारायच्या, बरे आहात ना? काका हो म्हणायचे. त्या मजल्यावर असं विचारणारं त्यांना पहिल्यांदाच कोणी भेटलं होतं.

सात आठवड्यांनी संशोधक बाईंचा लिफाफा आला. मॅडमनी काकांना आत बोलावलं, दार लावलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. सदतीस नंबरने तोंडी सांगितलेलं बाईंनी जसंच्या तसं उतरवलं होतं:

‘मुलाखत राहू द्या. मी इथेच आहे, कुठे जात नाही. ज्या कोणी मला ओळखलं त्यांना सांगा, त्यांनी कोणाला सांगितलं नाही, शोधत आले नाहीत, आभारी आहे. म्हणजे कसंय, माझ्या स्वतःच्या माणसांकडून एवढं झालं नसतं.’

काकांनी ते एकदाच वाचलं. तिथेच आहे, जात नाही, हे कळल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. शेवटच्या ओळीने तो पुन्हा गेला. दोन्ही एकाच कागदावर होतं, एक घेऊन दुसरं परत करता येत नव्हतं.

“उत्तर पाठवता येईल,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “एखादी ओळ. बाई देतील त्यांना.”

त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘तो आत येणार होता, यादीत नाव नव्हतं म्हणून सोडलं नाही.’ लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद दुसऱ्या कोणाचा असावा तसा समोर धरला. हे ठाऊक असणारी माणसं किती? फाटकावरचा तो म्हातारा कधीच गेला असणार. राहिला एक. रकान्यात एकच माणूस. त्यांनी कागदाचे बारीक तुकडे केले, ते खिशात घातले आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं: ‘निरोप पोचला. काळजी नसावी.’

मॅडम आत आल्या. बाहेर जाणारा कागद तपासायचा हा नियम सगळ्यांना होता.

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी दोन्ही वाक्यं वाचली, पुन्हा वाचली. नाव नाही, नातं नाही, गाव नाही, लिहिणारा कोण हे कळेल असं काहीच नाही.

“जाऊ शकतं,” त्या म्हणाल्या आणि खाली सही केली.